शीळ न येणाऱ्या मुलासाठी

मी, खाली सही करणारा, धंदा काचकाम, वय सत्तरीच्या पुढे, राहणार कालव्याच्या अलीकडे, स्वतःच्या घरात, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि राजीखुशीने हा कागद माझ्या हाताने लिहून ठेवतो. डॉक्टरीणबाईंनी सकाळी येऊन मला तपासले आणि डोके शाबूत असल्याचा दाखला दिला. छातीबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, कारण मृत्युपत्राला छाती लागत नाही म्हणे. जन्मभर काच घासली, तिची भुकटी आत जाऊन बसली आहे, ती काही आता निघत नाही. कोणाचाही माझ्यावर दबाव नाही. ज्याने थोडा तरी आणावा असं वाटत होतं, तो वर्षभर माझ्याशी बोललेला नाही.

यापूर्वी वकिलांकडे एक मसुदा केला होता, तो रद्द समजावा. का रद्द केला ते घराच्या कलमात येईल.

कलम एक : व्यवस्थापक. माझे पश्चात या कागदाप्रमाणे सर्व करण्याचा अधिकार मी माझ्या सुनेला देतो. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. रेघ सरळ काढते आणि बोलतेही सरळ. गेल्या वर्षी जे झालं त्यात आपलीच चूक आहे, आपण घरी जाऊन सांगायला नको होतं, असं ती धरून बसली आहे. सूनबाई, तू जे ऐकलंस तेच सांगितलंस. तुझी काही चूक नाही, हे इथे लेखी देतो, म्हणजे विषय संपला.

कलम दोन : हत्यारे. काच कापायचा हिरा, गुण्या, लाकडी पट्ट्या, काच उचलायच्या रबरी पकडी आणि पुट्टीच्या सुऱ्या, ही सर्व बेकरीवालीच्या धाकट्या मुलीला द्यावीत. बेकरीवाली म्हणजे कालव्यापलीकडची, पुलाच्या टोकाला जिची भट्टी आहे ती. तिची धाकटी माझ्या हाताखाली शिकली, आता पलीकडे तिचं स्वतःचं दुकान आहे. हात चांगला आहे, पण हिरा जरा जास्तच दाबते. शंभरदा सांगितलं, अगं, काचेला नुसता चरा पाडायचा, पुढचं ती आपणहून करते. ऐकेल तर शपथ. पोरी, तो हिरा माझ्या वडिलांचा आहे, एवढं ध्यानात ठेव.

आपली हत्यारं पलीकडे दिली म्हणून अलीकडच्यांनी बोंब मारू नये. इतकी वर्षं दुकान उघडं होतं. शिकायला कोण आलं?

कलम तीन : शिल्लक आणि खुर्ची. बँकेत जे काही असेल, त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने उरकून बाकीचे पैसे पुलावरच्या जकातीच्या खोलीच्या छपराला लावावेत. ते छप्पर तीन पावसाळे मी नुसत्या पुट्टीवर थोपवून धरलं आहे.

ही खोली काय आहे ते नवख्या वाचणाऱ्यासाठी लिहितो. पुलाच्या मधोमध जुना जकात नाका आहे. जकात कधीच बंद झाली. नंतर, त्या वाईट वर्षांत, तिथे अलीकडच्या पोरांनी बंदुका घेऊन पहारा बसवला. आता तिथे आमची बैठक भरते. त्या वर्षांत ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं अशा दोन्ही काठांच्या लोकांची. खुर्च्या जो तो घरून घेऊन आला, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. माझी हिरव्या पाठीची, जिचा एक पाय आखूड आहे.

बैठकीचा नियम एकच, आणि तो भांडणातून निघाला. सुरुवातीला जो तो आपलं दुःख सांगायचा आणि सांगता सांगता मापं काढायला लागायचा. तुमचा एक गेला, आमचे दोन गेले. तुमचा जागच्या जागी गेला, आमची कण्हत गेली. एकदा तर खुर्च्या उचलल्या गेल्या. तेव्हा पलीकडच्या मास्तरीणबाई, ज्यांचा नवरा आमच्या लोकांनी मारला, टेबलावर हात आपटून ओरडल्या, "बास! आजपासून आपलं माणूस आपण सांगायचं नाही. समोरच्याचं सांगायचं. पाठ होईपर्यंत विचारा एकमेकांना, आणि मग तोंड उघडा."

माझ्या वाट्याला बेकरीवाली आली आणि तिच्या वाट्याला मी. तेव्हापासून आम्ही दोघं शाळांमध्ये, कारखान्यांमध्ये, बोलावतील तिथे जातो. मी उभा राहून तिच्या थोरल्याचं सांगतो, ती उभी राहून माझ्या मुलीचं सांगते. ज्याचं माणूस, तो शेजारी बसतो आणि चुकलं की दुरुस्त करतो. मुलीचा स्वेटर ती पहिल्यांदा तपकिरी म्हणाली होती. मी म्हटलं, करडा. त्यानंतर ती कधी चुकली नाही.

मला हा नियम मानवला. माझी मुलगी बाजारात कापडाच्या दुकानासमोर उभी होती आणि पलीकडच्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. ती बॉम्बने गेली नसती, बरीच लांब होती. दुकानाच्या दर्शनी काचेने ती गेली, आणि ती काच मी बसवलेली होती. हे मी आजवर तोंडाने म्हटलेलं नाही. बेकरीवाली ते माझ्यासाठी म्हणते, दर वेळी, आवाज न बदलता. तिच्या तोंडून मला ते ऐकवतं. आत्ता लिहिलं तेही ती समोर खुर्चीत बसली आहे म्हणून.

तिचा थोरला सायकलवरून पाव पोचवायचा, आमच्याकडच्या इस्पितळातसुद्धा. पावाचा कोपरा कुरतडायचा आणि ती बाजू ट्रेमध्ये खाली करून ठेवायचा, आईला कळू नये म्हणून. तिला अर्थात कळायचं. भ्यायला की तो शीळ घालायचा, लहानपणापासूनची सवय. संचारबंदीत पास खिशात घेऊन पूल ओलांडताना त्याने शीळ घातली. नाक्यावरच्या आमच्या पोरांना वाटलं, इशारा करतोय. त्यांनी गोळी घातली. मी त्याला जिवंत कधी पाहिला नाही, पण त्याची चाल, त्याचा डावखुरेपणा, सायकलला पायाने ब्रेक लावायची त्याची खोड, सगळं मला माझ्या घरातल्यासारखं ठाऊक आहे.

तर गेल्या वर्षी सुनेच्या शाळेत बोलताना माझ्या तोंडून गेलं, "माझा मुलगा भ्यायला की शीळ घालायचा." माझा मुलगा. मला कळलंही नाही. बेकरीवालीला कळलं, पण तिने दुरुस्त केलं नाही. का नाही केलंस, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "मला बरं वाटलं. मी काय करू?" सून मागच्या बाकावर बसून ऐकत होती. तिने घरी जाऊन कौतुकाने नवऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. जिन्याच्या अर्ध्यावर थांबला, वर आला नाही. म्हणाला, "बाबा, मला शीळ घालता येत नाही. कधीच आली नाही. तुम्हाला माहीत होतं का?"

काय सांगणार? माहीत नव्हतं.

"तुम्हाला एक मुलगा आहे," तो म्हणाला. "जिवंत आहे. औषधांची गाडी चालवतो. कधी वेळ मिळाला तर त्याचीही चौकशी करा." आणि गेला. तेव्हापासून तो बोलत नाही. नातवाच्या वाढदिवसालाही मला बोलावलं नाही. सूनबाई लपून केक घेऊन आली.

कलम चार : दगड. माझ्या कपाटावर एक काळा दगड आहे. तो शेजारच्या नळवाल्याला स्वच्छ धुऊन परत करावा. मी पहिल्यांदा पुलावर गेलो त्या आठवड्यात त्याने तो माझ्या खिडकीतून आत टाकला. तो कबूल करत नाही, पण त्याच्या अंगणाच्या कडेला असे दगड लावलेले आहेत आणि एका दगडाची जागा रिकामी आहे. काचवाल्याच्या घराची काच फोडून काय मिळवलं, तोच जाणे. मी तासाभरात नवीन बसवली. आणि गावात दुसरा काचवाला नसल्याने पुढच्या हिवाळ्यात त्याला मलाच बोलवावं लागलं. त्या दिवशी मी त्याच्याकडचा चहासुद्धा घेतला नाही, हे खरं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

मात्र दगड देताना त्याला एक निरोप सांगावा. त्याच बॉम्बमध्ये त्याचा भाऊ गेला. पलीकडे त्याच्या भावाचं सांगणारं कोणी नाही, कारण हा कोणाला काही विचारूच देत नाही. खोलीत एक खुर्ची जास्तीची आहे. पुलावर सध्या पुन्हा पिंपं आडवी लागली आहेत, पुन्हा दोन्हीकडची पोरं झेंडे घेऊन फिरायला लागली आहेत, बस बंद आहे. ज्यांनी ती वर्षं पाहिली नाहीत त्यांना हे सगळं मोठ्या मजेचं वाटतं आहे. अशा वेळी त्याने घरात बसून राहू नये. एवढंच.

कलम पाच : घर. माझे राहते घर, खालचे दुकान आणि वरच्या दोन खोल्यांसह, स्वकष्टार्जित, कोणतेही कर्ज नसलेले, माझे पश्चात माझ्या मुलाने पूर्ण मालकीने घ्यावे. कोणतीही अट नाही.

आता अट कशी गेली ते. रद्द केलेल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की मुलाने एकदा जकातीच्या खोलीत येऊन बहिणीचं चार लोकांसमोर ऐकावं, मगच घर त्याच्या नावावर व्हावं. बहीण गेली तेव्हाच तो म्हणाला होता, मी मेलो तरी त्या पुलावर किंवा पलीकडे पाय ठेवणार नाही. आणि तो शब्दाचा पक्का आहे. कंपनीने पलीकडची फेरी दिली की दुसऱ्याशी बदलून घेतो, लांबची घेतो. मला वाटलं, जिवंतपणी जमलं नाही ते मेल्यावर कागदाने जमवू. वकील म्हणाले, कायद्यात बसतं. मी खूश झालो.

मसुदा बेकरीवालीला दाखवला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि माझ्या अंगावर टाकला. म्हणाली, "काचवाले, हे काय आहे? हा नाका आहे नाका! पास दाखव, मग पुढे जा. याच नाक्यावर माझं पोर गेलं आणि तुम्ही तोच तुमच्या दारात बांधताय?"

मी म्हटलं, "माझं घर आहे, माझी अट आहे."

"मग बसा अट कवटाळून," ती म्हणाली. "आणि हत्यारं झाली, छप्पर झालं, दगडसुद्धा झाला. यात मुलगा कुठाय? माझ्या मुलाची शीळ तुम्ही जगाला ऐकवलीत. स्वतःच्या मुलाचं एक वाक्य नाही या कागदात." असं म्हणून दार आपटून गेली. दाराच्या तावदानाला तडा गेला, तेही मलाच बदलावं लागलं.

तिच्यावरचा राग मला चार दिवस पुरला. पाचव्या दिवशी मी अट खोडली. खोडली म्हणजे मन साफ झालं असं नाही. तो कधीच आला नाही तर त्याच्या बहिणीला आठवणारं या काठावर कोणी उरणार नाही, ही भीती जशीच्या तशी आहे. पण भीतीपोटी पोराच्या मानेवर घर ठेवायचं नाही, एवढं मला पटलं आहे.

कलम सहा : करडा स्वेटर. मुलीचा स्वेटर ट्रंकेत आहे. तो मी बेकरीवालीला द्यायचा ठरवला होता, कारण तो तिच्याइतका कोणाला पाठ नाही. पण वकील म्हणाले, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला या कागदातून काही घेता येत नाही, तेव्हा बाई, काय ते एक ठरवा. तिने घटकाभरही विचार केला नाही. म्हणाली, "मी सही करणार. स्वेटर त्या घरात राहू दे. त्याची बहीण होती ती, माझी कोण?" हे बोलताना तिचा आवाज बदलला. शाळांमध्ये कधी बदलला नव्हता. म्हणून स्वेटर माझ्या मुलाला द्यावा. त्याने तो घडीतच ठेवला तरी चालेल.

कलम सात. हे कलम मसुद्यात नव्हतं, आत्ता लिहितो आहे. आपलं माणूस आपण सांगायचं नाही हा आमचा नियम आहे, पण तो गेलेल्यांसाठी आहे. जिवंत माणसाबद्दल आम्ही काहीच ठरवलं नाही, आणि मी मूर्खासारखा समजून चाललो की त्याचं सांगायची गरजच नसते.

माझ्या मुलाला शीळ घालता येत नाही. गाडी मागे घेताना तो श्वास रोखून धरतो आणि गाडी लागली की सोडतो. लहानपणी माझी पुट्टी चोरून खिशात ठेवायचा, तिची कासवं करायचा आणि विसरून जायचा. त्याच्या आईने त्या चड्ड्या धुताना मला किती शिव्या घातल्या असतील! पुट्टी त्याची आणि शिव्या मला. त्याला खोटं बोलताना कानाला हात लावायची सवय आहे, म्हणून त्याने खोटं बोलणंच सोडलं. भांडतो तेव्हा आवाज खाली जातो. आईच्या आजारपणात तिचे पाय तो चेपायचा, मी दुकानात असायचो.

बहीण गेली त्या आठवड्यात मी कोणाशी बोलत नव्हतो. तो शाळेतला मुलगा. त्याने कणकेची खळ केली, जुने कागद फाडून पट्ट्या केल्या आणि घरातल्या एकूण एक काचेवर फुली मारून चिकटवल्या. परत स्फोट झाला तर काच उडू नये म्हणून. काचवाल्याच्या घरात, आणि काचवाल्याला एका शब्दाने न विचारता. मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही. मला वाटलं, हा मला दोष देतोय. आज वाटतं, तो मला वाचवत होता. मी आणि त्याची आई, दोघं मोठी माणसं होतो त्या घरात, आणि काळजी तो एकटा करत होता.

बाळा, बाकीच्या पट्ट्या तुझ्या आईने कधीतरी काढल्या. मागच्या खोलीतल्या खिडकीवरची फुली अजून आहे. ती मी काढू दिली नाही, रंगाऱ्यालासुद्धा हात लावू दिला नाही. वेगळा राहायला गेल्यापासून तू या खोलीत आला नाहीस, म्हणून ती टिकली आहे हे तुला माहीत नसेल. मी त्याच खिडकीशी बसून हे लिहितो आहे. घर तुझं आहे, खिडकी बदलायची की नाही तूच ठरव.

तू मला विचारलंस, माहीत होतं का. शिळेचं माहीत नव्हतं. हे एवढं माहीत होतं. तुला कधी सांगितलं नाही, ते चुकलं.

समारोप. आज सहीचा दिवस आहे. बस बंद, पुलावर पिंपं, तेव्हा बेकरीवाली येणार कशी म्हणून मी वकिलांना म्हटलं की तारीख पुढे ढकला. पण ती वेळेवर आली, औषधांच्या गाडीतून; तेवढी गाडी अजून पुलावरून सोडतात. तिने परस्पर जाऊन माझ्या मुलाला गाठलं होतं. त्याच्या कंपनीच्या आवारात उभी राहून म्हणाली म्हणे, "तुझ्या बापाच्या कागदावर मला सही करायची आहे आणि मला तिकडे न्यायला कोणी नाही. तू नेणार आहेस की मी चालत जाऊ?" आज सकाळी त्याने तिच्या भट्टीसमोर जाऊन हॉर्न वाजवला.

म्हणजे त्याने पूल ओलांडला. "पाय नाही हं ठेवला," बेकरीवाली म्हणते. "गाडीतून उतरलाच नाही. चाकं ठेवली." आणि हसते. वकीलही हसले. मला हसू आलं नाही, छाती भरून आली. डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं.

तो खाली गाडीत बसला आहे. वर आलेला नाही. वकील म्हणतात, ज्याला घर मिळणार आहे तो सहीच्या वेळी खोलीत नसलेलाच बरा, उद्या कोणी बोट दाखवायला नको. कायद्यानेच त्याला खाली बसवलं आहे, असं मी तूर्त समजतो. गाडी सुरू आहे, आवाज इथवर येतो.

सही करून मी खाली जाणार आहे. जिना उतरायला मला फार वेळ लागतो, मधे दोनदा बसावं लागतं. थांबला तर थांबला.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करतो.

सही : काचवाला
ठिकाण : माझे राहते घर, मागची खोली
दिनांक : आजचाच, वकिलांचा शिक्का वर आहे

साक्षीदार पहिली : डॉक्टरीणबाई, अलीकडच्या दवाखान्याच्या. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर शुद्धीवर असताना सही केली. त्यांना जिना एकट्याने उतरू देऊ नये असे माझे मत आहे, ते त्यांनी मानलेले नाही.

साक्षीदार दुसरी : बेकरीवाली, पलीकडची. काचवाल्यांनी माझ्यासमोर सही केली. मी या कागदातून काही घेतलेले नाही. माझी सही होईपर्यंत ते खोलीबाहेर पडलेसुद्धा, पहिल्या पायरीवर धापा टाकताना ऐकू येत आहेत. मी खिडकीशी उभी आहे. गाडीचा आवाज थांबला आहे, आणि आता खालून कोणीतरी जिना चढते आहे.